तिसऱ्या अक्षराचं छप्पर

नवं पान घेतलं, सहाशे बाय दोनशे.
पार्श्वभूमी नाही. ते पांढरे-करडे चौकोन म्हणजे काहीच नाही,
हे समजायला मला अख्खा एक हिवाळा लागला
बेथेस्डाच्या ग्रंथालयात, मंगळवारी, हीटरजवळच्या मशीनवर.
शिकवणारा ग्वेर्न, मुलाहून लहान, नातवाहून मोठा,
आणि नातू तर पाच आठवड्यांचा.

त्याचंच नाव करायचंय,
लिव्हरपूलला त्याच्या खोलीच्या दाराला लावायला.
ल्लीर. समुद्राचं जुनं नाव.
पहिली दोन अक्षरं मिळून एकच आवाज:
जीभ टाळूला टेकवायची आणि कडेनं वारा सोडायचा.
सूनबाईला अजून जमत नाही, ती बिचारी खोकते.

फॉन्ट निवडला, सोनेरी, वेलबुट्टीचा,
लग्नपत्रिकेत शोभावा असा.
पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं.
तिसऱ्याच्या जागी एक रिकामी चौकट.
चौथं आलं.

या फॉन्टला छप्पर ठाऊक नाही, ग्वेर्न म्हणाला.
छप्परच म्हणतो आम्ही. छोटं छप्पर.
डोक्यावर असलं की स्वर पाय पसरतो,
नसलं की आखडून बसतो.

साधा वाय टाक ना, आई, मुलगा फोनवर,
इथं कोण बघतंय. दाखल्यावरही नाहीये.
बरं, म्हटलं.
फोन ठेवला, साधा वाय टाकला,
आणि त्याच्यावर नवा लेअर उघडला.

दोन तिरप्या रेघा काढल्या: कावळा झाला.
जाड केल्या: मिशी.
ब्रश घेतला, पण माउसवरचा हात थरथरतो हल्ली,
भूकंपातलं छप्पर झालं.

मग परसातल्या शेडमधून पाटी आणली,
बाबांनी फोडलेली.
ते छिन्नी लावायचे, एक ठोका,
आणि दगड वहीसारखा उघडायचा.
खाणीत मापांना नावं होती: डचेस, काउंटेस, लेडी.
एकाही डचेसला बाबांनी जन्मात पाहिलं नाही.
फोडल्या हजारो. धूळ छातीत ठेवून घेतली.

ओल्या फडक्यानं पुसली (ओली झाली की जांभळी झाक येते)
आणि खिडकीत धरून फोटो काढला.
लॅसोनं कडेकडेनं कापली, तीनदा चुकले.
लहान केली. तीस अंश डावीकडे कलती.
तिची नक्कल, नकलेला आरशात उलटी.
दोघींची डोकी एकमेकींना टेकवली.
खाली सावली: पाच, पाच, साठ टक्के.
वायच्या कपाळावर थोडा अंधार पडला,
घरात शिरताना पडतो तेवढा.

नाव पाटीवर लिहितात.
मी पाटी नावावर ठेवली.

पाठवलं, लेअर सुटे ठेवून, शिस्तीप्रमाणे.
सुटे ठेवा, ग्वेर्न सांगतो, उद्या काही बदलावंसं वाटेल.

शुक्रवारी फोटो आला. दार, दारावर नाव, मोठं, झळझळीत.
तिसऱ्याचं डोकं उघडं.
छापणाऱ्या पोराला वाटलं, डाग राहिलाय.
भलेपणानं काढून टाकला. जास्तीचे पैसेही नाही लावले.

रागावले नाही मी. बारा ब्रिथचे दोन तुकडे खाल्ले,
लोणी जरा जास्तच लावून.
मग फाईल उघडली, छप्पर आणखी खाली ओढलं,
वळचणी वायच्या दोन्ही हातांत रुतेपर्यंत.
हात तर त्याचे आधीपासून वरच होते.
सगळे लेअर निवडले
आणि एकजीव केले.

आता परत सुटे व्हायचे नाहीत, मागून ग्वेर्न.
होऊ नयेत, म्हटलं.

संध्याकाळी लिव्हरपूलच्या दुकानातून पोच आली.
फाईल मिळाली, आभार.
खाली फाईलचं नाव: दोन एल, प्रश्नचिन्ह, आर.

मुलाला फोन लावला.
म्हटलं, जागा आहे का? हाक मार त्याला एकदा.
अशी नाही.
लांबव.