पेनरची घडी

पेनर, आपण बोलत नाही त्याला चौदा महिने झाले.
कारण क्षुल्लक होतं, आणि दोघांच्याही नीट लक्षात आहे:
नाताळची एक रात्र, ड्यूटीची अदलाबदल,
आणि तू शब्द फिरवलास.
तेव्हापासून सकाळी सातला, शिफ्ट बदलताना,
आपण एकमेकांच्या बुटांकडे बघून मान हलवतो.

काल रात्री विनिपेगमध्ये उणे एकतीस होतं.
बाराव्या मजल्यावर आग, लिफ्ट बंद,
आणि माझ्या खांद्यावर होजचा गठ्ठा,
तीन पट्ट्यांनी आवळलेला.
झोपलेलं पोर जाग्या पोरापेक्षा जड लागतं,
तसा जड.

तूच बांधलेला, हे कळायला चिठ्ठी लागत नाही.
अक्षर ओळखू येतं तसं.
कॅप्टन हॅवरिलुक घड्या ऐसपैस घालते, कडेला ढिल्या.
नवा पोरगा ओसेई पितळी तोंड आत गाडून ठेवतो
आणि मग शोधत बसतो.
तुझ्या घड्या दुरेघी वहीत बसवल्यासारख्या,
नॉझल बाहेर, डाव्या हाताला,
शेवटच्या पट्टीचं टोक दुमडलेलं,
जाड हातमोज्यातल्या बोटांना सापडावं म्हणून.

जिन्यात माणसं उतरत होती.
एक श्रीमती मगपंताय (नाव नंतर कळलं),
नाइटगाउनवर पार्का, छातीशी राइस कुकर.
आतला भात अजून गरम असावा;
झाकणातून वाफ येत होती
आणि त्या सगळ्या धुरकट जिन्यात
तेवढीच एक वाफ घरची होती.
"केवढं ओझं रे पोरा," म्हणाल्या,
आणि भिंतीला चिकटून मला वाट दिली.

अकरावा मजला. आगीच्या एक मजला खाली,
जिथं भिंतीतल्या उभ्या पाइपला आपण तोंड लावतो.
झाकण काढलं तर आत कुणी चिप्सचं पाकीट कोंबलेलं.
पाणी आधी जमिनीवर सोडलं:
गंज आला, पाकीट आलं, मग स्वच्छ धार.
झडप बंद. होज जोडली.
मी पट्टीचं टोक चाचपलं. होतं.
ओढलं,
आणि पेनर, तुझी घडी मोडली.

उलगडत गेली, पायरी पायरी,
बाराव्याच्याही वर, अर्ध्या जिन्यापर्यंत नेली
(म्हणजे आत शिरताना ती आपल्याच वजनानं खाली येते,
हे मला तूच शिकवलंस, बोलत होतास तेव्हा).
एक गाठ नाही.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
तुझ्यामाझ्यातला पीळ मी तिथं अंधारात, दोन्ही हातांनी,
जोडापासून नॉझलपर्यंत शोधला.
होजमध्ये तो नव्हता.

पाणी आलं. कापड दंडासारखं फुगलं.
"आत," हॅवरिलुक म्हणाली.
पुढचं तुला सांगायला नको.
भिंत, भिंत, दार, कानांवर उष्णता,
सोफा जळत होता.
सोफ्यावर कुणी नव्हतं.

खाली आणेपर्यंत होजचं लाकूड झालं.
अशा थंडीत घडी घालायला जावं तर होजच मोडायची;
ट्रकवर फांद्यांसारखी रचून आणली,
स्टेशनच्या गरम फरशीवर पसरली,
आणि तिच्याभोवती आम्ही कॉफी पीत बसलो,
आजाऱ्याभोवती बसावं तसे.

आता पाच वाजलेत. वरून सुकलेली दुसरी होज काढलीय.
तुझ्या शिफ्टचा गठ्ठा मी बांधतोय.
एरवी मी उरकतो. आज गुडघे टेकून बसलो,
घडीवर घडी, कडेला कड.
आणि नॉझल ठेवताना हात थांबला.

तू उजवा आहेस, पेनर.
हॅवरिलुक उजवी, ओसेई उजवा.
या स्टेशनात डावखुरा
मी एकटाच.

चौदा महिने.

नॉझल मी उजवीकडे ठेवली.
पट्टीचं टोक दुमडलं, उलगडलं,
पुन्हा दुमडलं.
सातला तू येशील.
मी तुझ्या बुटांकडेच बघेन बहुतेक.