साडेसहा

वर्ष संपायला नऊ दिवस, बाहेर उणे एकतीस.
सस्कॅचेवानच्या या सपाटीवर
वारा अडवायला आमच्याशिवाय कुणी नाही.
वही काढली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, मळकट.
हिच्यात मी तीनच गोष्टी लिहिते:
कुणासाठी, किती वार, किती दोरा.

जानेवारी. फ्रीसनांच्या नातीसाठी.
ती दीड महिना आधीच आली,
मग गोधडीही लहानच ठेवली.
उरलेले वीस चौकोन डब्यात, पिवळे.
मुलगी बाळसं धरते आहे.

फेब्रुवारी. दोन, मदतनिधीच्या लिलावासाठी.
मार्च. एकही नाही. गुडघा.

मे. उडत्या बदकांची.
दोनशे सोळा त्रिकोण, सगळे उत्तरेला तोंड करून,
आणि कोपऱ्यातलं एक उलटं.
नवरा म्हणाला, त्याचं काहीतरी घरी राहिलं असेल.
उसवलं नाही मी.

जून. आयझॅकच्या लग्नाची.
लग्न मोडलं. गोधडी दोघांनीही मागितली.

ऑगस्ट.

एरवी मी फार उसवते.
हे लिहायलाच हवं, वहीत त्याचा रकाना नसला तरी.

मंगळवारी चर्चच्या तळघरात
आठ जणी एका चौकटीभोवती बसायचो.
एल्फ्रीडा माझ्या उजव्या हाताला.
डावखुरी, जाड भिंगांची, अंगुस्तान कधी घातलं नाही,
आणि टाके असे की मांजराचा पंजा अडकावा.
इंचाला चार. माझे दहा.
बोलता बोलता तिची सुई हवेतच राहायची
आणि आम्ही सगळ्या त्या सुईकडे बघत
तिच्या बापाने विकलेल्या घोड्याची गोष्ट ऐकायचो,
नऊ मैल चालून जो परत आला,
आणि पुन्हा विकला गेला.

ती गेली की कप विसळायच्या निमित्ताने मी मागे राहायचे,
तिची ओळ उसवून नव्याने घालायचे.
अकरा वर्षं.
लिलावात भाव टाक्यांना येतो, असं स्वतःला सांगत.

त्या मंगळवारी तिने दोन वीत शिवलं.
मी संध्याकाळीच काढलं,
दोऱ्याचा गुंता कॉफीच्या चोथ्यात टाकला.
गुरुवारी तिच्या मुलाचा फोन आला.
टोमॅटोच्या वाफ्यात पडली होती,
नळीचं पाणी चालूच.

गोधडी त्यालाच दिली.
आईची बाजू कुठली, त्याने विचारलं. मी दाखवली.
शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला,
शेवटी हात बसला म्हणायचा तिचा.
मी म्हटलं, हो.

मग ऑक्टोबरभर शोधत होते.
कपाटं, चर्चची खोकी, पाळणाघरातली अंथरुणं.
लोकांकडे जाऊन त्यांच्या पलंगांवर वाकले.
सगळीकडे दहा, दहा, दहा.
इतकी नेटकी मी कशाला झाले?

एकदम आठवला ऑर्व्हिल पेनर, पेट्रोल पंपवाला.
सहा वर्षांपूर्वी अग्निशमन दलाच्या सोडतीत
त्याला हिरवी गोधडी लागली होती.
ती बांधली त्या रात्री बर्फाचं वादळ होतं,
मी कपही न विसळता निघाले होते.

गोधडी त्याच्या ट्रकमध्ये, मागच्या सीटवर,
वर त्याचा म्हातारा कुत्रा.
कुत्रा उठेना. मी कडेकडेने उलटत गेले,
केस, चिखल, डिझेलचा वास,
आणि त्याच्या पोटाखाली, उबेत,
तीन ओळी. वाकड्या.
इतक्या वर्षांत नखाने एकही टाका तुटला नव्हता.

हवी तर न्या, धुऊन देतो, ऑर्व्हिल म्हणाला.
नको, म्हटलं, झोप मोडेल त्याची.

डिसेंबर. चौकटीवर अर्धी आहे, राखाडी-तांबडी.
काल चष्मा काढून बसले,
सुई डाव्या हातात घेतली.
इंचाला पाच पडतात.
चार काही जमत नाहीत अजून.