टोकन क्रमांक एकशे बारा

शनिवारी सकाळी त्रिएस्तेच्या धक्क्यावर
वारा असा सुटतो की माणसं टोपी धरून येतात,
जणू टोपीच त्यांना जहाजाकडे ओढते आहे.
मी आत, पडद्यासमोर.
बॅगा माझ्यापुढे न उघडता उघड्या पडतात.
पाव, पुस्तकं, लोकरीचे मोजे, सगळं नारिंगी.
धातू निळा.
पत्रं आणि चीज एकाच रंगाची दिसतात
हे कळायला मला अकरा वर्षं लागली.

नियम मला पाठ आहेत, आईला जपमाळ होती तसे.
माणशी वाइनची एक बाटली. दोन नाही.
चाकू बोटभर.
मेणबत्ती नाही, केकवरचीसुद्धा नाही.
औषधं हवी तेवढी, रात्री श्वास देणारं यंत्रही.
अकॉर्डियनबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही,
म्हणून ब्रेसान आजोबांचा अकॉर्डियन गेला,
तोही पट्ट्यावरून जाताना एक सूर सोडून.

सेझानाहून आलेल्या येर्नेयच्या खिशात बरणी निघाली,
बरणीत गोगलगाय.
जिवंत काही नेता येत नाही, मी म्हटलं.
मग मी? तो म्हणाला.
त्याची आई हसली नाही, म्हणून मीही नाही.
गोगलगाईला टोकन देता येत नाही.
दारिओनं ती मागच्या भिंतीवर, उन्हाच्या बाजूला ठेवली.

आणि मग पडद्यावर होडीसारखा निळा आकार.
नेरीना पाहोर. वय चौऱ्याहत्तर.
आयुष्यातलं पहिलं जहाज, जावयानं काढलेलं तिकीट.
बॅगेत इस्त्री,
दांडा दोऱ्यानं गुंडाळलेला, तळ आरशासारखा.

चालत नाही, बाई. आगीचा धोका.
कपडे द्या तिथं, ते करून देतात.
कोण करून देतं?
तिथली माणसं.
कॉलर आधी करतात की बाही?
मला माहीत नव्हतं.
चोपन्न वर्षं मी लोकांचे शर्ट केले, ती म्हणाली,
डॉक्टरांचे, वकिलांचे, एका बिशपचे,
बिशपांचं कापड फार त्रास देतं.
मग आठ दिवस मी तिथं करायचं काय?
मागे रांग खोळंबली. कुणीतरी खाकरलं.
समुद्र बघा, मी म्हटलं.
ती म्हणाली, तो तर घरातून दिसतो.

मी टोकन फाडलं. एकशे बारा.
अर्धं तिच्या हातात, अर्धं दांड्याला.
ती पायऱ्या चढत गेली तेव्हा
तिचा उजवा हात अंगापासून जरा लांब होता,
वजन नसतानाही वजन धरल्यासारखा.

संध्याकाळी जप्तीचं कपाट लावताना
केटल, मेणबत्त्या, दुसऱ्या बाटल्या,
आणि ती इस्त्री.
मी तळाला हात लावून पाहिला.
थंडच असणार, तरी पाहिला.
खळीचा वास होता.
घरी गेल्यावर मी माझ्या गणवेशाची कॉलर बघितली
आणि मला माझी लाज वाटली.

नवव्या दिवशी ती उतरली.
नाक उन्हानं सोललेलं, पायात चपला,
अंगात तागाचा झगा, इतका चुरगळलेला
की कुणीतरी मुठीत धरून ठेवला असावा.
तिनं एकशे बारा पुढे केलं.
मी इस्त्री आणून दिली.

तिनं ती उचलली,
थोडी खाली-वर केली, बाजारात कोबी तोलतात तशी,
आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.
इथं ठेवल्यावर वजन वाढतं का हो?
नाही, बाई.
हं, ती म्हणाली.

मग जाता जाता वळून,
कॉलर आधी. नेहमी कॉलर आधी.