शून्य रुंदीचा सांधा

इंदुबाई कुऱ्हाडे चष्मा कपाळावर सरकवतात,
कागद पार नाकापाशी नेतात आणि म्हणतात,
हे काय माझं आडनाव नव्हे.

छापलंय: कुर्हाडे.
र उडून ह च्या डोक्यावर जाऊन बसलाय,
भलत्याच गच्चीवर उतरलेल्या पतंगासारखा.
पेन्शनच्या खिडकीला परत पाठवायला एवढं कारण पुरतं.
उद्या साडेदहाला या, मी म्हणते.

शिवाजीनगर कोर्टाच्या कुंपणाशी
सव्वीस वर्षं टायपिंग करते मी.
मराठी तीस, इंग्रजी चाळीस.
जुना संगणक मेला तेव्हा तपकीर गल्लीतल्या मोईजभाईंनी
हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेला
एक लॅपटॉप दिला. आत लिनक्स.
फुकट आहे, व्हायरस लागत नाही, म्हणाले,
पण अडलं तर माझ्याकडे येऊ नका, मला येत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये त्या र ला स्वतःची कळ होती,
उजव्या करंगळीखाली.
आता तिथे काहीच उमटत नाही.

रात्री धनकवडीत, ओट्यावर, कुकर निवत असताना
मोडक्या हिंदीत विचारलं, जो कुणी जागा असेल त्याला:
पापणीसारखा एक र असतो, तो कुठे गेला?

पहिल्याने विचारलं, आवृत्ती कोणती.
दुसरा म्हणाला, आधी शोधा, मग विचारा.
तिसऱ्याने सांगितलं, सगळं पुसून नव्याने टाका;
पहिल्याच भेटीत घटस्फोट सुचवणारे वकील
मला माहीत आहेत, मी गप्प राहिले.
पावणेबाराला ढुकुर नावाचं कुणी आलं.
दिदी, तो र दाखवा.

दाखवणार कसा? छापता येत नाही हीच तर तक्रार.
पोळपाटावर पीठ पसरलं, बोटाने काढला,
फोटो पाठवला.

अरे, हा तर आमचाही आहे!
मी बुटवलचा. गऱ्यो लिहिताना रोज लागतो.
गऱ्यो म्हणजे?
केलं.

मग त्याने काळी खिडकी उघडायला लावली.
सुडो लिहा, म्हणाला.
ते काय असतं?
यंत्राच्या मालकाच्या वतीने, मालकाच्या अधिकारात.
कुलमुखत्यारपत्र, मी म्हटलं.
त्याला तो शब्द कळला नाही, मला सुडो कळलं.

पासवर्ड टाकू लागले तर पडद्यावर टिंबसुद्धा नाही.
वाटलं, कीबोर्डही गेला.
दिसत नाही, पण पोहोचतंय, तो म्हणाला,
लिहीत राहा.

दोनदा चुकलं. एकदा माझी चूक, एकदा त्याची,
त्याची त्याने लगेच कबूल केली.
(सव्वीस वर्षांत कोर्टात हे ऐकल्याचं आठवत नाही.)
बॅटरी बारा टक्के, चार्जर बाहेरच्या खोलीत,
बाहेरच्या खोलीत सासरे झोपलेले.

शेवटी असं निघालं:
आधी र, मग त्याचा पाय मोडायचा,
मग एक अक्षर, ज्याला रूप नाही, उच्चार नाही,
कागदावर जागा नाही.
त्याचं नाव शून्य रुंदीचा सांधा.
ते दोघांच्या मध्ये उभं राहतं, आणि नसतं.
मग ह.

कुऱ्हाडे.
मी ती कळ उजव्या करंगळीखालीच लावून घेतली.

आभार लिहीपर्यंत तो गेला होता,
पहाटे दुकान उघडायचं म्हणाला होता.
नाव विचारायचं राहिलं. त्यानेही विचारलं नाही.
आमच्याकडे असं चालत नाही.
साधं प्रतिज्ञापत्र असलं तरी
यांना मी ओळखतो म्हणणारा लागतो,
त्याची सही, त्याचा सनद क्रमांक, वर गोल शिक्का.

साडेदहा. इंदुबाई एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचतात.
आडनावाशी येतात.
हां.
कसं काय केलंत?
नीट माहीत नाही, मी म्हणते, साठ रुपये झाले.
इथे सही करा, आडनाव पूर्ण.

त्या वाकून लिहू लागतात,
आणि पापणी काढताना
पेन जरासं थांबवतात.