झुंबरच्या वाटच्या विड्या

झुंबर आज कोर्टात.
तिचं सूप रिकामं ठेवायचं नाही, ठरलंय आमचं.
शमशाद तीनशे, नरसम्मा तीनशे,
तिची सून बोट कापलेलं असताना शंभर,
उरलेल्या माझ्या.
संध्याकाळी चेकर छाट काढतो, म्हणतो,
हे एका हाताचं वळण नाही.
नाहीच बे. मोज आणि पुढं हो.

चौकीत पहिला प्रश्न तिलाच होता:
पोर बाहेर, तेव्हा तू कुठं होतीस?
दुसरा: राहतेस कुठं?
सेटलमेंट, म्हणाली
आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं.
तारेचं कुंपण आज्याच्या काळात निघालं म्हणे.
त्या टेबलावर अजून आहे.
ज्याचं नाव सांगायचं होतं
त्याला आतून खुर्ची आली.

मग आम्ही गेलो, सात जणी,
अंगाला जर्द्याचा वास.
फरशीवर बसलो. कुणी ओरडलं नाही.
नरसम्मा तेलुगूत पुटपुटत होती,
शिव्या की देव, कळलं नाही.
रात्री साडेदहाला पेन उचललं गेलं.

झुंबरला आम्ही धीर धर म्हणत नाही.
किती धरते ते दिसतंय की.
लखनला काय झालं ते विचारत नाही.
तो मोरीत जाताना दार उघडं ठेवतो,
आम्ही पाठ करून उभ्या राहतो.
कडक भाकरी मोडून पुढं ठेवायची,
बाजूला शेंगाचटणी,
आणि तो खाईपर्यंत उठायचं नाही.

माझ्या पोरीच्या वेळी
मी दार लावून घेतलं होतं, झुंबर.
तीन दिवस.
मग तिला अक्कलकोटला मावशीकडं धाडलं,
गल्लीत सांगितलं, कावीळ.
बत्तीस वर्षांची आहे आता.
कुणी विचारलं तर
ती अजून कावीळच सांगते.
हे मी तुला बोललेले नाही.
तुझ्या वाटच्या विड्या बांधताना
दोरा जरा जास्त आवळला जातो, एवढंच.

समन्स आलं त्या दुपारी
आमच्यात वाचणारं कुणी नव्हतं.
लखन पायरीवरून उठला, कागद घेतला,
तारीख मोठ्यानं वाचली.
कितीक दिवसांनी तो आवाज.
पुढं आईच्या नावाशी अडला.
'झुबर लिवलंय.'
दप्तर ओढलं, पेन झटकलं
आणि झुच्या डोक्यावर टिंब दिलं,
कागदाला भोक पडेल असं
दाबून.