एक्केचाळिसावा आठवडा

रुस्तावीच्या गाडीबाजारात ऊन चढायच्या आत
चाकांवर पाणी मारून घ्यायचं.
तापल्या रबरावर साबण सुकला की डाग धरतो,
ओतिया सांगतो,
आणि मग माणूस घासतच बसतो.

एका वेळी एकच चाक.
आधी रिम, मग टायर,
म्हणजे ब्रेकची काळी भुकटी धुतलेल्यावर पुन्हा उतरत नाही.
ब्रश अगदी मऊ नको, राकटही नको,
घोड्याच्या पाठीला चालेल असा.
घोडा त्याच्या वडिलांचा होता, काखेतीत.
मी पाहिलेला नाही.

पहिला फेस येतो तपकिरी, चहासारखा.
पहिल्या दिवशी मी म्हणाले, केवढी ही घाण!
तो म्हणाला, ग्वांत्सा, सगळी घाण नव्हे ती.
रबराच्या पोटात मेण कालवलेलं असतं.
गाडी पळते, टायर दबतो, उठतो, दबतो,
आणि ते हळूहळू वर येतं
दुधावर साय धरावी तसं,
उन्हाशी, हवेशी आपलं आपण भांडायला.
उभ्या गाडीचं मेण आतच निजतं,
म्हणून न पळालेला टायर
पळालेल्याच्या आधी म्हातारा होतो.

फेस पांढरा झाला की थांबायचं.
त्यापुढचं घासणं टायरसाठी नसतं,
आपल्यासाठी असतं.

शेजारचा बाद्री पेट्रोलच्या चिंधीने पुसतो.
दोन मिनिटांत काळाकुळकुळीत.
ओतिया त्याला काही बोलत नाही, मला तळवे दाखवतो:
अठरा वर्षं कारखान्यात हात पेट्रोलनेच धुतले,
आता नखाच्या कडेला चीर पडली
की ईस्टरपर्यंत भरत नाही.

गुरुवारी एक चंदेरी गाडी आली.
मालक घाईत. सीमेपलीकडचं गिऱ्हाईक, अकरा वाजता.
"आरसा करा," म्हणाला.
तीन चाकं झाली. चौथं धुतलं, पुसलं,
सुकल्यावर दिसल्या
काठालगत बारीक चिरा,
जुन्या कपाच्या चिनीमातीला असतात तशा.
शेजारी चार आकडे. ४११४.
चौदा सालचा एक्केचाळिसावा आठवडा.
ओतिया बोटांवर मोजू लागला. द्राक्षांची तोडणी तेव्हा.
"लामारा होती. रस तुडवताना हसत होती."
मग गप्प.
मग नखाने चीर तपासली. नख आत गेलं.

मालकाने खिशातून बाटली काढली, सिलिकॉनची, तेलकट.
दोन हात मारा, म्हणाला, आणि डोळा मारला.
बाजारात सगळेच मारतात. खरंच मारतात.
धूळ पुसूनसुद्धा धूळफेक करता येते,
हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं औषध पाण्यातलं, दुधट, बिनवासाचं.
फडक्यावर घ्यायचं, टायरवर ओतायचं नाही.
पातळ हात फिरवायचा, दहा मिनिटं थांबायचं,
उरलेलं कोरड्या फडक्याने काढायचं,
नाहीतर पहिल्याच वळणावर दारभर शिंतोडे.
जमिनीला टेकते त्या नक्षीला तर कधीच नाही.
तिथली चमक म्हणजे घसरण.
तिन्ही चाकं अशी केली.
मंद काळी. नवी नाही दिसत,
जेवून हात धुतलेल्या माणसासारखी दिसतात.

चौथं तसंच ठेवलं. स्वच्छ, कोरडं, राखी.
मालकाने शिवी हासडली, पैसे तीनच चाकांचे दिले.
ओतिया म्हणाला, हिशेब बरोबर आहे.

अकराला गिऱ्हाईक आलं, सोबत त्याची मुलगी,
सहा-सात वर्षांची, दोन्ही हातांत चिंचोळी पोळी.
बाप इंजिनात डोकावला.
ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली,
पोळी काखेत धरली,
राखी टायरवरून एक बोट फिरवलं
आणि बोट पाहिलं.
काहीच लागलं नव्हतं.
मग ते पुन्हा फिरवलं, सावकाश, जिथे चिरा होत्या तिथे.

तिने बापाला हाक मारली की नाही
मला ऐकू आलं नाही.
पुढची गाडी लागली होती,
पाण्याचा पाईप चालू होता.