मधलं नाव

उम्म अल कुवैनच्या खाडीत ओहोटी लागली
की तिवरांच्या मुळांशी फेस अडकून राहतो,
आणि सात नंबरच्या टाकीवर वाकून मी
हेकरूच्या शेपटीचा कपटा कापते,
तांदळाच्या कणीएवढा.
त्याला कळत नाही. निदान मी तसं धरून चालते.

कणी स्पिरिटच्या शीशीत, शीशीवर नंबर, नंबर वहीत.
हर्णैला आजोबा जाळ्याची फाटकी भोकं मोजायचे,
तीही एक वहीच होती.

इथे त्याला हमूर म्हणतात.
जन्मतात तेव्हा सगळ्या माद्याच;
वर्षं उलटली की त्यांतल्याच काही नर होतात,
कुणी कागद मागत नाही.
माझा व्हिसा दोनदा परत आला होता
आडनावातल्या एका अक्षरापायी.

मंगळवारी खलफान आला, पिंपात जिवंत मासा घेऊन.
त्याच्या तोंडी तो नोखदा, माझ्या तोंडी नाखवा;
हा शब्द कोणत्या गलबतातून कुणी कुठे उतरवला
ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
म्हणाला, शमाल सुटायच्या आत सापळ्यात मिळाला.
तुमचा की दर्याचा, तेवढं सांग.
टाकीतला असेल तर मला नको.
चव लागत नाही त्यांना.

नऊ दिवस गेले.
आई सापडली: शीशी दोनशे बारा.
सात वर्षांपूर्वी पहाटे, पाइपातून,
माझ्याच हातानं सोडलेली, करंगळीएवढी.
मी तिला केव्हाच मेलेल्यांत धरलं होतं.
बाप मात्र एकाही शीशीत नाही.

माझ्या नावात मधोमध दामोदर बसलेत.
तेलाच्या जहाजावर असायचे.
मी त्यांना मोजून चारदा पाहिलं,
तरी बँकेत, शाळेत, विमानतळावर
आधी त्यांनाच हाक मारतात.

फॉर्मात बापाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
संगणक पुढे जाऊच देत नाही.
बराच वेळ बोट अडलं,
मग लिहिलं: स्थानिक.
अकरा वर्षांत हा शब्द
मला कुणाच्या नावापुढे पहिल्यांदाच लिहायला मिळाला.

खलफानला सांगितलं, अर्धा आमचा, अर्धा तुमचा.
तो हसला नाही. पट्टी मागितली.
चव्वेचाळीस.
कायद्याला पंचेचाळीस लागतात.
"मग भांडण कशाचं," म्हणाला,
आणि पिंपाचा एक कान त्यानं धरला, एक मी.

धक्क्यावर शेवाळ होतं, चप्पल काढावी लागली.
मासा पाण्यात थोडा वेळ तसाच राहिला,
शेपटीचा कापलेला कोपरा आमच्याकडे करून.
खलफान त्याला अरबीत काहीतरी बोलला,
वाढ, असं असावं,
किंवा, पुढच्या वर्षी भेटू.